‘माजी सैनिक कोटा’ सांगून विकलेला प्लॉट आणि माझे ७,९४,००० रुपये

वेंगुर्ला रोडच्या बाजूला, खानापूरकडं किंवा निपाणी पट्ट्यात ‘माजी सैनिकांसाठी खास दर’ असा बोर्ड दिसला, तर एक रुपया द्यायच्या आधी हे वाचा. माझे ७,९४,००० रुपये गेलेत आणि बायकोच्या पाटल्या अजून सोसायटीच्या तिजोरीत गहाण आहेत. लेआऊटचं, म्हणजे प्लॉट पाडून विकायला काढलेल्या त्या जमिनीचं, नाव इथं लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे आणि वकिलांनी नाव घ्यायला मनाई केली आहे. पण बेळगावच्या आसपास ज्यांनी गेल्या दोन-तीन वर्षांत प्लॉट बघितलेत, त्यांच्या लक्षात येईलच.

मी मराठा लाईट इन्फंट्रीतून २४ वर्षांच्या नोकरीनंतर हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. इतकी वर्षं कधी बरॅकमध्ये, कधी फॅमिली क्वार्टरमध्ये काढली. बदली आली की ट्रंका बांधायच्या आणि निघायचं. उतारा कसा वाचतात, एन.ए. (शेतजमीन बिगरशेती करायची परवानगी) म्हणजे काय, ई.सी. (जमिनीवरचे व्यवहार आणि बोजे दाखवणारा दाखला) कुठून काढतात, याची गरजच कधी पडली नाही. बाहेरचा माणूस तिशीत घराचं कर्ज काढतो, चार ऑफिसं फिरतो, त्यातनं शिकतो. आम्ही चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा त्या दारात जातो, तेही फंड, ग्रॅच्युइटी आणि ए.जी.आय.चे (आर्मी ग्रुप इन्शुरन्सचे) पैसे एकदम खात्यात आलेले असताना. कोण कधी रिटायर होऊन गावात आला, हे या एजंट लोकांना आपल्या भावकीच्या आधी कळतं.

त्यात आमच्या घरात कन्नड कुणालाच वाचता येत नाही. मी मराठी शाळेतला, पोरं केंद्रीय विद्यालयात हिंदी-इंग्रजीत शिकलेली. आणि इथं उतारा, ई.सी., एन.ए.ची ऑर्डर, सगळं कन्नडमध्ये.

एजंट स्वतः माजी सैनिक. खोटा नव्हे, त्याचं डिस्चार्ज बुक मी डोळ्यांनी बघितलंय. ‘राम राम हवालदार साहेब’ म्हणत घरी आला, चहा घेतला, माझ्या कंपनीतल्या दोन सुभेदारांची नावं घेतली. १२०० चौरस फुटांचा प्लॉट, बाहेरच्यांना ९५० चा दर, आपल्या माणसांना ८५०. म्हणजे १०,२०,०००. बुकिंगला ५१,००० रोख. पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प, शिक्का, सही, सगळं होतं.

बाकीच्या पैशांसाठी कर्ज काढायचं ठरलं. आणि इथंच सगळं उघडं पडायला हवं होतं.

आधी एका बँकेत मी एकटाच चौकशी करून आलो होतो, प्लॉट ठरायच्या आधी. तिथं सरळ सांगितलं होतं की पेन्शन निम्मी कम्यूट केलेली, म्हणजे तो हिस्सा आधीच एकरकमी घेतलेला असल्यामुळं हातात येणारी रक्कम कमी धरली जाईल, वय चव्वेचाळीस, आणि उद्यमबागेतल्या कारखान्यातली सिक्युरिटीची नोकरी नवीन, त्यामुळं तो पगार धरता येणार नाही. हे सगळं खरंच होतं. पेन्शन कम्यूट केलेल्या प्रत्येक जवानाला हे ऐकावं लागतं. तो कापलेला हिस्सा पंधरा वर्षांनी परत सुरू होतो, तोवर बँकेच्या हिशेबात आपण गरीबच. त्यामुळं कर्ज मिळणं कठीण, हे मनात पक्कं बसलेलं होतं.

मग एजंट म्हणाला, माझ्या ओळखीच्या बँकेत चला. गेलो. ऑफिसरनं फाईल उघडली, ले-आऊटचा नकाशा बाजूला ठेवला, एन.ए. ऑर्डरच्या झेरॉक्सवर बोट ठेवून काहीतरी विचारलं. एजंट कन्नडमध्ये बोलायला लागला. ऑफिसरनं मान हलवली, फाईल बंद केली आणि टेबलावरून माझ्याकडं सरकवली. माझं कन्नड बाजारहाटापुरतं. ते दोघं भराभर बोलत होते, त्यातलं मला ‘इल्ला’ (नाही) तेवढं कळलं. बाहेर आल्यावर एजंट म्हणतो, ‘साहेब, तेच. पेन्शन कमी, वय जास्त, नोकरी नवीन. बँकवाल्यांना जवानाची किंमत नाही.’

नंतर, सगळं झाल्यावर, त्याच ऑफिसरकडं मी एकटा गेलो. तो हिंदीत म्हणाला, ‘मैंने तो उसी दिन बोला था, लेआउट अप्रूव्ड नहीं है, ऑर्डर दूसरे हिस्से का है.’ म्हणजे बँकेनं मला नाकारलंच नव्हतं, जमिनीला नाकारलं होतं. आणि मी त्या दिवशी बँकेच्या पायऱ्या उतरताना माझ्या पेन्शनला दोष देत होतो. मला सांगा, आधीच्या बँकेत तीच कारणं ऐकलेल्या माणसानं दुसऱ्यांदा काय वेगळं समजायचं होतं? शेजारी उभा असलेला माणूस आपल्याच वर्दीतला, त्याच्यावर संशय घेऊन पुन्हा आत जाऊन ‘हा काय म्हणाला’ असं विचारायचं होतं? त्या वेळी तरी मला ते सुचणं शक्य नव्हतं.

म्हणून हे पक्कं ध्यानात ठेवा: बँक नाही म्हणाली तर कारण लेखी मागा, आणि एजंटला बाहेर उभा करून मागा. अडचण तुमच्यात आहे की प्लॉटच्या कागदात, हे वेगळं विचारा. बँकेचा वकील जमिनीचे कागद तपासतो, तेवढी तपासणी आपण पदरच्या पैशांनी सहसा करून घेत नाही.

कर्ज नाही म्हटल्यावर मी फंडातले ४,५०,००० आर.टी.जी.एस. केले. खातं फर्मचं नव्हतं, एका माणसाच्या नावावरचं होतं. ‘मालकाचंच आहे, टॅक्सचं बघावं लागतं’ असं उत्तर. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये सोसायटीत सोनं ठेवून २,७५,०००. बायको पाटल्या काढताना एवढंच म्हणाली, ‘अहो, तिथं अजून रस्ता सुद्धा नाही.’ मी तिला पाडव्याच्या आधी रजिस्ट्री होणार म्हणून सांगितलं, कारण मला तसंच सांगितलं होतं. शेवटी रजिस्ट्रीच्या खर्चाचे म्हणून ६८,००० रोख घेतले. त्याची पावती नाही. एकूण ८,४४,०००.

स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन फी एजंटच्या हातात कधीच द्यायची नसते. कर्नाटकच्या नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून चलन निघतं आणि पैसे थेट सरकारी खात्यात भरता येतात. हे मला कळलं तेव्हा ६८,००० जाऊन महिने झाले होते.

हातात काय होतं? नोटरी केलेलं संचकारपत्र, म्हणजे इसारपत्र. लाल शिक्का बघून मी समाधानी होतो. नोटरीच्या कागदावर आणि जी.पी.ए.वर (मुखत्यारपत्रावर) जमिनीची मालकी मिळत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०११ मध्येच सांगून ठेवलंय. आणि घर-प्लॉटच्या विक्रीसाठी असलेल्या रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणं रजिस्टर करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेताच येत नाही. माझ्या बाबतीत ते होतात १,०२,०००. माझ्याकडून प्लॉटपोटी घेतले ७,७६,०००. ५०० चौरस मीटरपेक्षा, म्हणजे साधारण पाच गुंठ्यांपेक्षा मोठा लेआऊट असेल तर रेराचा नंबर लागतो. बोर्डवर नंबर नसेल तर तिथंच मागं फिरा. ‘अप्लाय केलंय’ हे उत्तर मोजू नका.

पाडवा गेला. मग ‘ई-खात्याचा नवीन नियम आलाय, म्हणून सगळीकडंच थांबलंय’ असं ऐकवलं. ई-खात्याचा, म्हणजे मालमत्तेच्या ऑनलाइन नोंदीचा, घोळ खराच चालू होता, त्यामुळं तेही पटलं. यांची प्रत्येक थाप कुठल्या तरी खऱ्या गोष्टीला चिकटवलेली असते. मेअखेरीला मी जमिनीवर गेलो तर माझ्या प्लॉटच्या पांढऱ्या दगडावरून कुळव गेला होता. दगड आडवा पडलेला, त्याच्यावरचा माझा नंबर मातीनं अर्धा झाकलेला, आणि एक म्हातारा धूळवाफ भात पेरत होता. त्यानं सांगितलं की जमीन भावा-बहिणींची सामायिक आहे, वाटणी झालेली नाही, दोन बहिणींनी सहीच केलेली नाही. ‘तुमच्यासारखे लई लोक येऊन गेले,’ म्हणाला. एन.ए.ची ऑर्डर शेजारच्या हिस्स्याची होती, तिच्याच झेरॉक्सवर यांनी आमचे प्लॉट विकले होते.

सर्व्हे नंबरच्या पुढचा हिस्सा नंबर बघा. उताऱ्यावर, ऑर्डरवर आणि संचकारपत्रावर तोच हवा. सरकारच्या ‘भूमी’ साईटवर उतारा निघतो, कावेरीवर ई.सी. निघते, ग्रामपंचायत हद्दीत नमुना ९ आणि ११ (मालमत्तेच्या नोंदीचे पंचायतीचे कागद) मागा. कन्नड येत नसेल तर पैसे देऊन स्वतःच्या माणसाकडून वाचून घ्या, एजंटकडून नव्हे.

मी गळा धरल्यावर एजंटनं ५०,००० परत दिले आणि २,००,००० चा चेक. चेक बाउन्स. ‘साहेब, नोटीस कशाला, आपण एका वर्दीतले, पुढच्या सोमवारी देतो.’ असे सोमवार जात राहिले. चेक परत आल्याचं बँकेनं कळवल्यापासून ३० दिवसांच्या आत नोटीस पाठवावी लागते, नाहीतर कलम १३८ ची केस उभी राहत नाही. ही मुदत मला माहीत नव्हती, त्याला होती. ती संपल्यावर त्यानं फोन उचलणं बंद केलं.

आता सरकारी दारांविषयी. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य, ‘हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा.’ एकाच जमिनीची खोटी ऑर्डर दाखवून इतक्या जणांना प्लॉट विकले, पैसे परक्या खात्यात घेतले, हे सिव्हिल कसं? मग अर्ज कन्नडमध्ये आणा म्हणाले. टाइप करून नेला. ठेवून घेतला, पोच दिली नाही. माजी सैनिकांसाठी असलेल्या सरकारी कार्यालयात गेलो तर आपुलकीनं बसवलं, पाणी दिलं आणि माझ्या अर्जाला एक पत्र जोडून वर पाठवलं. वरून ते तहसीलला गेलं, तहसीलातून तलाठ्याकडं. तलाठ्याचा अहवाल आला: सदर जमीन शेतीची आहे, तिथं मंजूर लेआऊट नाही. अहो, मीही हेच लिहून दिलं होतं! माझीच तक्रार उत्तर म्हणून मला परत आली आणि फाईल बंद. पंचायतीत म्हणतात, आमच्या रेकॉर्डला हा लेआऊटच नाही. मग तो भला मोठा बोर्ड वर्षभर मुख्य रस्त्यावर उभा होता, तो कुणालाच दिसला नाही? रजिस्ट्री ऑफिसात म्हणतात, आमच्याकडं काही नोंदलंच नाही तर आम्ही काय करणार. नोकरीत असतो तर सी.ओ. (कमांडिंग ऑफिसर) साहेबांचं पत्र डी.सी.ना (जिल्हाधिकाऱ्यांना) गेलं असतं आणि कुणीतरी खुर्चीतून उठलं असतं. पेन्शनवर आल्यावर आपण फक्त २६ जानेवारीच्या शालीपुरते उरतो.

पोलीस घेत नसतील तर तोंडी भांडण्यात वेळ घालवू नका. नव्या कायद्याच्या, म्हणजे बी.एन.एस.एस.च्या, कलम १७३(४) प्रमाणं एस.पी.ना लेखी तक्रार रजिस्टर पोस्टानं पाठवा, पोच सांभाळा, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडं जाता येतं. मी ते केलंय. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे, पण त्याला दोन वर्षांची मुदत आहे.

ज्यांनी त्याच लेआऊटमध्ये पैसे भरलेत त्यांच्यासाठी एक तातडीची गोष्ट. एजंट सध्या घरोघरी फिरून ‘जुनी पावती जमा करा, दुसऱ्या फेजमध्ये प्लॉट देतो, वर फक्त १,५०,००० भरा’ असं सांगतोय. मूळ पावती आणि संचकारपत्र त्याच्या हातात देऊ नका. आमच्यातल्या एकानं दिलं, आणि आता पैसे भरल्याचा कसलाही कागद त्याच्याकडं नाही.