ओव्हनचा सेन्सर: थर्मामीटरने तपासावा की मल्टीमीटरने?

वर्ध्याजवळच्या आमच्या गावात वहिनी घरीच नानकटाई करून विकते. मे महिन्यात 180 अंशांवर लावलेली नानकटाई पांढरीफटक राहू लागली.

आधी ओव्हनचा थर्मामीटर मधल्या जाळीवर ठेवला. स्वस्त, सोपा, काही उघडायची गरज नाही. काटा 150 च्या पुढे सरकेना. पण दोष सेन्सरचाच, म्हणजे आतलं तापमान ओळखणाऱ्या भागाचाच, हे यावरून ठरत नाही. आपल्याकडे संध्याकाळी कृषिपंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं. 230 चं 180 झालं तर हीटरची ताकद जेमतेम 60 टक्के उरते. म्हणून दुपारी, व्होल्टेज पूर्ण असताना पुन्हा बघा.

मल्टीमीटर, म्हणजे विजेची मापं घेणारं छोटं यंत्र, थेट सेन्सरला विचारतो. प्लग काढा, ओव्हन पूर्ण थंड होऊ द्या, सेन्सरची जोडणी सोडवून दोन टोकांना ओहम (विजेला होणारा रोध) मोजा. पीटी-1000 जातीचा सेन्सर 0 अंशाला 1000 ओहम दाखवतो आणि दर अंशाला साधारण 3.85 ओहम वाढतो. ओव्हनच्या माहितीपुस्तकात 1080 ते 1090 लिहिलेलं असतं, ते 21 ते 23 अंशांच्या खोलीसाठी. आपल्या 45 अंशांच्या स्वयंपाकघरात 1173 च्या आसपास आकडा आला तर सेन्सर ठणठणीत आहे, फेकू नका! वहिनीचा 1260 दाखवत होता. म्हणजे ओव्हनला वाटायचं आपण जास्तच तापलोय, आणि तो हीटर लवकर बंद करायचा.

माझं मत मल्टीमीटरच्या बाजूने. फक्त गोल बटणाच्या साध्या ओटीजीत (टेबलावरच्या छोट्या ओव्हनमध्ये) बहुधा असा सेन्सर नसतो, यांत्रिक थर्मोस्टॅट (तापमानानुसार हीटर चालू-बंद करणारा भाग) असतो. तिथे थर्मामीटरच कामाचा.