पारा-आर्गॉन कॅलिब्रेशन दिवा: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यावर

आमच्या लॅबमध्ये फायबरवर चालणारा छोटा स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे प्रकाशात कोणत्या तरंगलांबी आहेत ते मोजणारं यंत्र, आहे. २०० ते १००० नॅनोमीटरचा, रिझोल्यूशन साधारण दीड नॅनोमीटर, म्हणजे याहून जवळच्या रेषा त्याला वेगळ्या दिसत नाहीत. त्याच्या कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे त्याचे आकडे माहीत असलेल्या तरंगलांबींशी जुळवून घेण्यासाठी, गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर पारा-आर्गॉनचा दिवा घेतला. तळहातावर मावेल एवढा डबा, १२ व्होल्टचा अडॅप्टर, पुढे फायबर जोडायला एसएमए कनेक्टर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते या जातीच्या सगळ्याच दिव्यांना लागू आहे. दिवा उत्तम आहे. फक्त त्याच्या वर्णपटात ऐन मोक्याच्या जागी एक भगदाड आहे.

आधी चांगलं सांगतो. पाऱ्याच्या ४३५.८३३ आणि ५४६.०७४ (आकडे तरंगलांबीचे, नॅनोमीटरमध्ये) या रेषा एकट्या, ठसठशीत, आसपास गर्दी नाही. ५७६.९६० आणि ५७९.०६६ ही पिवळी जोडी तर माझी रोजची तपासणी झाली आहे. दोघींमधली दरी स्वच्छ दिसली की कामाला लागायचं. दरी बुजायला लागली की समजायचं, फायबर नीट बसलेला नाही किंवा आत काहीतरी हललंय.

दिवा लावल्या लावल्या आर्गॉन जोरात असतो. मग नळी तापते, पाऱ्याची वाफ होते आणि पारा आर्गॉनला मागे ढकलतो. डिसेंबरातल्या सकाळी याला जास्त वेळ लागतो. म्हणून मी दोन नोंदी घेतो: एक सुरुवातीलाच, आर्गॉनसाठी, दुसरी दिवा पुरता तापल्यावर, पाऱ्यासाठी. इंटिग्रेशन टाइमही, म्हणजे सेन्सर प्रकाश गोळा करतो तो वेळ, दोन्हींना वेगळा ठेवावा लागतो. पाऱ्याच्या रेषेचा शेंडा सपाट दिसला तर ती रेषा बाद. सपाट माथ्याचा मध्य काढून काही उपयोग नसतो.

आता भगदाड. ५७९.०६६ ला पारा संपतो आणि ६९६.५४३ ला आर्गॉन सुरू होतो. मधल्या ११७ नॅनोमीटरच्या आसपासच्या पट्ट्यात भरवशाची ठळक रेषा नाही. आणि आमचं निम्मं काम, म्हणजे लाल एलईडी आणि रंगद्रव्यांची प्रतिदीप्ती (उजेड पडल्यावर ती स्वतः सोडतात तो प्रकाश), याच पट्ट्यातलं. सॉफ्टवेअर पिक्सेल आणि तरंगलांबी यांच्यात तिसऱ्या घाताची बहुपदी बसवतं आणि मधला भाग अंदाजाने भरतं. शेजारच्या लॅबमधला हीलियम-नियॉन लेसर लावून पाहिला. हवेतली त्याची रेषा ६३२.८१६, आमचा आकडा तीन-दशांश नॅनोमीटरने सरकलेला.

उपाय इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळाला, चहा-वड्याच्या पैशांत. स्विचबोर्डावर बसवतात तो नियॉन इंडिकेटर. मागताना ‘नियॉनचाच द्या’ असं बजावून सांगा, हल्ली बरेच एलईडीचे येतात. टेस्टरमधलाही नियॉनच, पण त्याच्या आतला रेझिस्टर मोठा असल्याने उजेड फार मंद पडतो. नियॉनच्या ५८५.२४९, ६१४.३०६, ६४०.२२५, ६५०.६५३ या रेषा बरोब्बर त्या भगदाडात बसतात. त्या जमेला धरून बहुपदी पुन्हा बसवली आणि लेसरचा फरक एक-दशांशाच्या आत आला. इंडिकेटर थेट २३० व्होल्टवर चालतो, तेव्हा तो बंद डब्यातच बसवा. शिवाय तो सेकंदाला शंभरदा लुकलुकतो, म्हणून इंटिग्रेशन टाइम १० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवला की आकडे नाचत नाहीत.

रेषा निवडण्यात मात्र खरी गंमत आहे. दिव्यासोबत आलेल्या कागदावर छापलेल्या सगळ्या रेषा घेऊ नका. ७५०.३८७ आणि ७५१.४६५ आमच्या यंत्राला एकच वाटतात, त्या वगळल्या. ३६५.०१५ च्या उजवीकडे ३६५.४८४ आणि ३६६.३२८ बसल्या आहेत आणि शिखराला आपल्याकडे ओढतात. सगळ्यात बिलंदर ८११.५३१. तिच्या डावीकडे ८१०.३६९ ही आर्गॉनचीच रेषा आहे, आणि त्यापलीकडे ८०९.३१ ला पाऱ्याच्या ४०४.६५६ ची दुसऱ्या कोटीची सावली, म्हणजे ग्रेटिंगमुळे दुप्पट तरंगलांबीवर उमटणारी तिची नक्कल, येऊन पडते. फायबरपुढे नारिंगी काच धरली की सावली गायब होते. यंत्रात तसा फिल्टर आधीच असेल तर उत्तम.

तक्त्यांचाही घोळ आहे. ५४६.०७४ हा हवेतला आकडा, निर्वातातला ५४६.२२६. एका दिव्याचे आकडे एका तक्त्यातून आणि दुसऱ्याचे दुसऱ्यातून उचलले तर ०.१५ नॅनोमीटर फुकट गेले. एनआयएसटी या अमेरिकेच्या मानक संस्थेच्या तक्त्यात कोणता पर्याय निवडलाय ते आधी बघा.

‘सीएफएल आहे की, दिवा कशाला?’ असं विद्यार्थी विचारतात. सीएफएलमध्ये पारा असतो हे खरं, पण हिरव्या रेषेला चिकटून टर्बियमच्या लेपाचं शिखर येतं आणि ६११ च्या आसपासचं लाल शिखर युरोपियमचं, वायूचं नव्हे. जुजबी ओळखीला ठीक, कॅलिब्रेशनला नाही. हीलियमची नळी असेल तर जरूर लावा. तिची ५८७.५६ ची पिवळी रेषा सोडियमच्या जोडीच्या इतकी जवळ आहे की आमच्या यंत्रात वेगळी काढताना दमछाक होते. १८६८ साली सूर्यप्रकाशात दिसलेली ती हीच, आणि विजयदुर्गावर हीलियम दिन साजरा होतो तो तिच्याच नावाने.

तक्रारी दोनच. अडॅप्टरची पिन सैल आहे, धक्का लागला की दिवा विझतो आणि पुन्हा तापेपर्यंत थांबा. दुसरी जास्त गंभीर: २५३.६५२ ची अतिनील किरणं डोळ्यांना आणि त्वचेला घातक असतात, आणि तोंडावर झाकण नाही, फक्त एक स्टिकर. पोरं कुतूहलाने आत डोकावतात. आम्ही फायबर नसताना लावायला रबरी टोपी शोधून दोरीने बांधून ठेवली आहे.

उन्हाळ्यात एसी बंद-चालू झाला की रेषा जराशा सरकतात, पण तो दोष स्पेक्ट्रोमीटरचा. महत्त्वाच्या मोजणीआधी दिवा लावून तीन-चार रेषा तपासतो, एवढंच.

अतिनील भागात काम असेल तर हा दिवा घ्याच, तिथे याला स्वस्त पर्याय नाही. फक्त ५८० ते ७०० मध्ये काम असेल तर आधी नियॉनचा इंडिकेटर आणा, मग कोटेशन मागवा.