मुलांच्या हाती आधी काय द्यावं: खताची बादली की सुक्या कचऱ्याची पिशवी?

मुलांना कचऱ्याची शिस्त लावायची, हे बहुतेक घरांत ठरलेलं असतं. अडतं ते पुढे: रोजचं काम म्हणून मुलाकडे नेमकं काय सोपवायचं?

खताच्या बादलीत बघण्यासारखं भरपूर. भोकं पाडलेली बादली, तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर भाजीची देठं-सालं आणि वाळका पाला, वरून थोडं आंबट ताक. काही दिवसांत पांढरी बुरशी धरते, कधी अळ्या होतात. वास आला म्हणजे ओल जास्त झाली, पाला वाढवायचा, हे मूल आपोआप शिकतं. मात्र खताला दीड-दोन महिने तरी लागतात आणि पावसाळ्यात चिलटं झाली की मोठ्यांनाच हात घालावा लागतो. गांडूळखताने सुरुवात करू नका. गांडुळांना उन्हाची झळ, लिंबाची सालं, मीठ-तेल सोसत नाही. ती मेली की मूल हिरमुसतं.

सुक्या कचऱ्याचं काम दिसायला रुक्ष. दुधाची पिशवी धुवून वाळत घालायची. कापताना कोपरा लोंबता ठेवायचा, कारण सुटलेला एवढासा तुकडा वेचणार कोण? पण रद्दीवाला आला की खरा धडा सुरू होतो. पुठ्ठ्याला भाव आहे, बाटल्यांना आहे, वेफर्सच्या चकचकीत पाकिटाला नाही. त्यात प्लॅस्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सुटे करणं परवडत नाही. हे कळलेलं मूल दुकानात पाकीट उचलताना थबकतं. बादली त्याला इथवर आणत नाही.

शिवाय या पिशवीच्या दुसऱ्या टोकाला माणूस आहे. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करते. फुटलेली काच कागदात गुंडाळून वेगळी द्यायची, डायपर-पॅडच्या पुडीवर लाल ठिपका काढायचा, म्हणजे उघडण्याआधीच आत काय आहे ते कळतं. ठिपका काढण्याचं काम मुलं फार मनापासून करतात.

मूल पाच-सहा वर्षांचं असेल तर बादली द्या. आठ-नऊच्या पुढे पिशवी. दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर मी पिशवीच निवडेन: खत बिघडलं तर पुन्हा लावता येतं, उघडी काच गेली तर कुणाचा तरी हात कापतो. आणि कचरा द्यायला दारात मुलालाच पाठवा. घ्यायला येणाऱ्या मावशींचं नाव त्याला माहीत असू द्या.