नेम्ड टपलवर आठ महिने सोसायटीचा हिशेब

आमच्या सोसायटीत ४८ फ्लॅट आणि मी खजिनदार. वार्षिक सभेत चहा घ्यायला उठलो, तेवढ्यात माझं नाव मंजूर झालं. आधीच्यांनी दिलेल्या एक्सेलच्या फायली बघवेनात म्हणून सगळं सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या फायलींत) काढलं आणि बिलं पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत करायला घेतली.

आधी प्रत्येक नोंदीला साधे टपल वापरले, म्हणजे नावांशिवाय नुसत्या क्रमाने ठेवलेली, नंतर न बदलणारी यादी. चौथा रकाना मेंटेनन्सचा की पार्किंगचा, हे दर रविवारी नव्याने शोधायचं. मग डिक्शनरीकडे वळलो, तिथे प्रत्येक मूल्याला नाव देता येतं. तिथे माझ्या शुद्धलेखनाने घात केला. एकीकडे 'थकबाकी', दुसरीकडे 'थकबाकि', आणि डिक्शनरीने निमूटपणे दोन्ही ठेवून घेतले! नेम्ड टपल, म्हणजे प्रत्येक रकान्याचं नाव आधीच ठरवून दिलेला टपल, असलं खपवून घेत नाही. नाव चुकलं की तिथल्या तिथे एरर. शिवाय प्रत्येक नोंदीबरोबर नावांची वेगळी डिक्शनरी वागवत नसल्यामुळे मेमरी साध्या टपलइतकीच लागते. ४८ फ्लॅटना त्याचं काय म्हणा.

फील्डची, म्हणजे रकान्यांची, नावं मी मराठीतच ठेवली, पायथन ३ ला ती चालतात. फक्त 'कर्मचाऱ्यांचे_शुल्क' काही केल्या घेईना. दीड तासाने कळलं की माझा कीबोर्ड 'ऱ्या' लिहिताना झीरो विड्थ जॉइनर हे अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह घालतो आणि पायथनच्या नावात ते चालत नाही. नाव बदलून 'पगार' केलं.

आता खरी डोकेदुखी. एकदा तयार झालेली नोंद बदलता येत नाही, हे माहीत होतं. बदल हवा तर नेम्ड टपलचं अंडरस्कोअर रिप्लेस (_replace) हे फंक्शन वापरायचं. ते नवी नोंद करून देतं, जुनी तशीच राहते. विलंब शुल्क लावताना मी ती नवी नोंद कशात धरलीच नाही. एरर नाही, काही नाही. त्या महिन्यात कोणालाच विलंब शुल्क लागलं नाही आणि अर्थातच कोणी तक्रारही केली नाही.

त्याहून वाईट म्हणजे बिल आणि पावती. दोन्हींत तीनच फील्ड: फ्लॅट, महिना, रक्कम. दुबार नोंदी काढायला सगळं एका सेटमध्ये (एकसारख्या गोष्टी एकदाच ठेवणाऱ्या संचात) टाकलं, तर ज्यांनी पूर्ण पैसे भरले त्यांची एकेक नोंद गायब. नेम्ड टपल शेवटी टपलच. तुलना करताना तो फक्त आतली मूल्यं बघतो. एक बिल आहे आणि दुसरी पावती, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हे मला दोन रात्री जागवून गेलं.

सहाव्या महिन्यात सिंकिंग फंडाचं फील्ड वाढवलं, तेव्हा नोंदीत तीनाऐवजी चार मूल्यं झाली, आणि जिथे जिथे नोंद तीन नावांत सोडवून घेतली होती ते प्रत्येक लूप मोडलं. जेसनमध्ये (माहितीची देवाणघेवाण करायच्या मजकूर-स्वरूपात) थेट काढलं तर नावं गळून नुसती लिस्ट उरते, आधी नोंदीची डिक्शनरी करणारं अंडरस्कोअर ॲजडिक्ट (_asdict) लावावं लागतं.

बिलं, पावत्या आणि सभासदांची खाती मी आता डेटाक्लासवर, म्हणजे फील्ड सांगून झटपट बनवता येणाऱ्या पायथनच्या क्लासवर, नेली आहेत. ते पायथन ३.७ पासून, म्हणजे २०१८ पासून आहेत आणि तुलनेत क्लासही बघतात. बँकेच्या स्टेटमेंटच्या ओळींना मात्र नेम्ड टपलच ठेवला आहे. अंडरस्कोअर मेक (_make) लावलं की सीएसव्हीची ओळ सरळ नोंद होऊन येते, आणि त्या ओळीत मला काही बदलायचंही नसतं. तारीख, तपशील, जमा, नावे, शिल्लक. पाच फील्ड, आठ महिन्यांत एकदाही हात लावावा लागला नाही.