एचपीव्ही पुरुषातही असतो: एचआयव्ही नसताना आणि असताना

नागपुरात एचपीव्ही (लैंगिक संबंधातून पसरणारा ह्युमन पॅपिलोमा विषाणू) म्हटलं की बायकांचा गर्भाशयमुखाचा कर्करोग आठवतो. पुरुषांचं कुणी विचारत नाही.

एचआयव्ही नसलेल्या पुरुषाला एचपीव्ही झाला, तर बहुतेकदा त्याला कळतही नाही. प्रतिकारशक्ती एक-दोन वर्षांत विषाणूला दाबून टाकते. या विषाणूचा प्रकार 6 किंवा 11 असेल तर चामखिळी येऊ शकतात, त्यांवर उपचार होतो.

एचआयव्ही असलेल्याचं गणित वेगळं. सीडी4 पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) घटल्या की एचपीव्ही ठाण मांडून बसतो. एकाच वेळी अनेक प्रकार सापडतात, चामखिळी काढल्या तरी परत येतात. खरी काळजी प्रकार 16 ची: वर्षानुवर्षं टिकला तर गुदद्वाराच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो, पुरुषांशी संबंध असणाऱ्यांत सर्वाधिक. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत (2022) कर्करोगापूर्वीचे गंभीर बदल वेळीच काढल्यावर हा कर्करोग 57 टक्क्यांनी घटला. म्हणून त्या जागी रक्त, गाठ, दुखणं असेल तर लाजू नका. प्रत्येक वेळी ते मूळव्याधच नसतं.

एआरटीने (एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या गोळ्यांनी) धोका कमी होतो, संपत नाही. तरी गोळ्या लवकर सुरू करणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नागपूरच्या मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) एआरटी केंद्रात त्या मोफत मिळतात. एचपीव्हीची लस एचआयव्ही असलेल्या-नसलेल्या दोघांनाही उपयोगी, पण एचआयव्ही असल्यास तीन डोस घ्यावेत. असलेला संसर्ग ती बरा करत नाही. कंडोमने धोका घटतो, पण हा विषाणू त्वचेच्या स्पर्शानेही पसरतो.