स्ट्रॉबेरी घेताना जात विचारा आणि देठाजवळचा पांढरा भाग बघा (चार महिन्यांचा अनुभव)

डिसेंबरपासून मार्चपर्यंत जवळपास दर रविवारी घोडबंदर रोडला आमच्या इथल्या आठवडी बाजारातून स्ट्रॉबेरी घेतली, मधे दोनदा वाशीच्या फळ मार्केटमधूनही आणली. आज लिहायचं कारण म्हणजे लेकीच्या वाढदिवसाला ४ बॉक्स घेतले, वरचा थर लालभडक आणि खालची निम्मी फळं देठाकडे पांढरीफटक. विक्रेता म्हणाला ताई दोन दिवस बाहेर ठेवा, पिकतील.

नाही पिकत! आंबा अढीत घातला की पिकतो, केळं घरात पिकतं, स्ट्रॉबेरीचं तसं नसतं, तोडली की गोडी तिथेच थांबते. मी ओट्यावर ताटलीत पसरून दोन दिवस ठेवून बघितली, रंग थोडा चढला पण चव तीच आंबट पाणचट, वर तीन फळांना बुरशी. ४०० रुपये गेले आणि केकवर शेवटी डाळिंबाचे दाणे घातले, याचा मला अजून राग आहे.

दुसरं म्हणजे जात कोणी आपणहून सांगत नाही, सगळ्या बोर्डांवर फक्त महाबळेश्वर. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय ते बरोबरच, पण ते जागेचं नाव झालं, तिथे शेतात जाती वेगवेगळ्या असतात. मी दर वेळी विचारायला लागले तेव्हा कुठे कळलं की मी डिसेंबरभर विंटर डॉन खात होते. फ्लोरिडाची जात, लवकर येते, दिसायला छान, पण मला फिकी वाटली आणि देठाजवळ पांढरी असण्यात हिचाच नंबर पहिला. तेव्हाच लिहिलं असतं तर घेऊच नका म्हटलं असतं.

पण जानेवारीच्या शेवटी थंडी चांगली पडली आणि डिसेंबरभर ज्या शेतकऱ्याकडून घेत होते त्याच्याकडचीच तीच विंटर डॉन एवढी गोड लागली की सासूबाईंनी साखर न घालता खाल्ली. त्यामुळे मत बदललं, दोष फक्त जातीचा नाही, थंडी कमी असली किंवा ढगाळ हवा असली की गोडी उतरते आणि फळ घाईने तोडलं तर कुठलीच जात काही करू शकत नाही.

चवीला माझी पहिली पसंती स्वीट चार्ली. ही पण फ्लोरिडाचीच, आंबटपणा कमी, मुलं नुसती खातात, पण फार मऊ असते, बाजारातून घरी रिक्षात येईपर्यंत खालच्या थराचा रस सुटतो, तेव्हा जेवढी त्याच दिवशी संपेल तेवढीच घ्या. कॅमारोसा कॅलिफोर्नियाची, टणक, आतपर्यंत लाल, फ्रिजमध्ये तीन दिवस नीट राहिली, पूर्ण लाल असेल तरच गोड नाहीतर दात आंबतात. नाभिला एकदाच मिळाली, ठीक होती.

वाशीला भाव कमी पडतो पण अख्खं खोकं उचलावं लागतं आणि आतलं उघडून बघता येत नाही, चार घरांनी वाटून घेतलं तरच परवडतं. दोन वेळा आणलं, दोन्ही वेळा तळाच्या बॉक्समध्ये पांढरी निघाली.

आता मी बॉक्स उलटा करून खालून बघते, देठाच्या हिरव्या पानांपर्यंत लाल असेल तरच घेते, १० रुपये जास्त गेले तरी चालतील. घरी आल्यावर धुवायची नाही, डब्यात टिश्यू टाकून ठेवायची, खायच्या वेळी देठासकट धुवून मग देठ काढायचा, आधी काढला तर पाणी आत जातं.

परवा त्या विक्रेत्याला ताटलीतल्या फळांचा फोटो दाखवला. पैसे परत दिले नाहीत, पण आता बॉक्स उघडून खालचा थर बघू देतो. या रविवारी कॅमारोसा ६० ला बॉक्स होती, सगळी देठापर्यंत लाल, जॅमसाठी सहा घेतले.