परसातल्या तळीसाठी 11 वॅटचा यूव्ही क्लॅरिफायर: घ्यावा का?

चिऱ्यांनी बांधलेली दोन-तीन हजार लिटरची तळी, त्यात चार साळकं, थोडे गप्पी मासे. आणि पावसाळा सरून ऑक्टोबरचं ऊन पडलं की आठवड्याभरात पाणी पालकाच्या रसासारखं. या दुखण्यावर बाजारात मिळणारा उपाय म्हणजे काळ्या प्लास्टिकची हातभर नळी, 11 वॅटचा यूव्ही क्लॅरिफायर, म्हणजे अतिनील (यूव्ही) किरणांनी पाणी निवळणारं यंत्र. शिक्के निरनिराळे असले तरी आतला माल जवळपास सारखाच, म्हणून हे परीक्षण एका कंपनीचं नसून त्या जातीच्या यंत्राचं आहे.

त्याचं काम एकच. दिव्यातून 254 नॅनोमीटरचे किरण निघतात, जवळून वाहणारं एकपेशीय शेवाळ मरतं, त्याचे पुंजके होतात आणि फिल्टरच्या स्पंजात अडकतात. म्हणून जोडणी अशी: आधी पंप, मग यूव्ही, मग फिल्टरची पेटी आणि तिथून पाणी परत तळीत. फिल्टरच नसेल तर मेलेलं शेवाळ तळाशी कुजून नव्या शेवाळाचं खत होतं. अशांनी हे घेऊच नये.

जोडणी नीट असेल तर पाच ते दहा दिवसांत फरक दिसतो. पांढरी बशी फूटभर खोल धरा. तिची कड स्पष्ट दिसली की काम झालं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्पंज चिकट हिरव्या लगद्याने तुंबतो. तो तळीच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत पिळा. नळाखाली धुतलात तर क्लोरीनने त्यातले उपयोगी जिवाणू मरतात.

निम्म्या तक्रारी प्रवाहाच्या असतात. तीन हजार लिटरच्या तळीला तासाला 1500 लिटर पुरे. पंपाच्या खोक्यावरचा आकडा धरू नका, तो पाणी वर चढवावं न लागता मिळणारा असतो. परतीच्या पाण्याखाली 10 लिटरची बादली धरा. 24 सेकंदांत भरली तर बरोबर 1500. दुसरी गोष्ट तोटीची. यंत्राच्या दोन्ही टोकांना 20, 25, 32 मिलिमीटर अशा पायऱ्यापायऱ्यांच्या तोट्या येतात. नळी 32ची असेल तर पुढचे बारीक भाग करवतीने कापून टाकायचे असतात. ते तसेच ठेवले की पाणी 20च्या भोकातूनच जातं, आणि दोष मात्र पंपाला.

आपल्या गोव्यातली खरी अडचण काचेची. दिव्याभोवती क्वार्ट्‌झची नळी असते, कारण साधी काच हे किरण अडवते. चिऱ्याच्या जमिनीतल्या विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर त्या नळीवर तांबूस थर चढतो. दिवा जळतोय, यंत्राच्या खिडकीतून निळसर उजेडही दिसतोय, पण पाणी हिरवंच! महिन्यातून एकदा वीज बंद करून नळी काढा, अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवा आणि मऊ फडक्याने पुसा. बसवताना रबरी ओ-रिंग जागेवर बसली आहे ना ते बोटाने फिरवून पाहा. ती दुमडली तर पाणी दिव्याच्या खोबणीत शिरतं.

निळ्या उजेडावर विसंबू नका. साधारण 8000 तासांनी, म्हणजे रात्रंदिवस चालवला तर अकरा महिन्यांत, किरणांचा जोर ओसरतो; उजेड तसाच राहतो. सूचनापत्रकात दिवा वसंतात बदला असं लिहिलेलं असतं, ते थंड देशांसाठी. गोव्यात सप्टेंबरअखेर बदलावा. विकत घेतानाच दिवा दोन पिनांचा, जी-23 बैठकीचा आहे ना ते बघा. भलत्याच बैठकीचा असेल तर वर्षभराने अख्खं यंत्र भंगारात.

वीज महिन्याला यूव्हीची आठ युनिट, 40 वॅटच्या पंपाची एकोणतीस. दोन्ही एकाच बटणावर घ्या, म्हणजे पंप बंद असताना दिवा कोरडा तापत नाही. मागे 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. यंत्र पाण्यात बुडवायचं नसतं. ओसरीच्या पागोळ्यांच्या आत भिंतीला लावा आणि केबलचं भोक घट्ट बंद करा. नाहीतर मुंग्या चोकच्या डब्यात घर करतात. पेटलेल्या उघड्या दिव्याकडे पाहू नका, डोळे भाजतात.

आता उणीव. चिऱ्यांना धरून वाढणाऱ्या केसाळ शेवाळाला याने काही होत नाही, कारण ते नळीतून जातच नाही. उलट पाणी निवळलं की ऊन तळापर्यंत पोहोचतं आणि ते आणखी फोफावतं. त्याला खडबडीत काठीला शेवयांसारखं गुंडाळून ओढून काढणं हाच उपाय. शिवाय पानांनी दोन-तृतीयांश पाणी झाका, मासे तीन मिनिटांत संपवतील एवढंच खाणं द्या आणि तळीचा काठ वीतभर उंच ठेवा, म्हणजे माडांना घातलेलं शेणखत पहिल्या पावसात आत वाहून येणार नाही.

कुळागर (पोफळीची बाग) असलेल्या घरांत पोफळींवर फवारायच्या बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकासाठी आणलेलं मोरचूद पडलेलं असतं. शेवाळ त्याने मरतं हे खरं, पण आपल्या मऊ पाण्यात शेवाळ मारणारी मात्रा आणि मासे मारणारी मात्रा यांत फारसं अंतर नसतं. चिमूटभरसुद्धा नको.

तरंगत्या हिरवाईसाठी पाचांत चार गुण, केसाळ शेवाळासाठी शून्य. दोनशे लिटरच्या दगडी दोणीला मात्र हा खर्च नको. तिला दुपारची सावली आणि मूठभर हायड्रिला पुरते.